जेवलो नाही, मग गोळी कशाला

आमच्या अण्णांनी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली. सोलापूर-अक्कलकोट, सोलापूर-बार्शी, शेवटी शेवटी पुण्याची गाडी. तिकिटाचं मशीन यायच्या आधीचा काळ, म्हणजे खांद्याला बॅग, हातात ट्रे आणि पंच, आणि तो पंच ट्रेवर टकटक वाजवत पुढं सरका, पुढं सरका करत अख्खी गाडी पालथी घालायची. नोकरीची दोन वर्षं राहिली असताना, २००६ ला, त्यांना शुगर निघाली. मग रिटायर झाले, पंच गेला, आणि ती टकटक दुसऱ्या रूपात घरात आली. शुगरच्या मशीनबरोबर ते पेनसारखं येतं बघा, बोट टोचायचं, त्याचा खटका दाबला की सेम तसाच आवाज होतो. टक्. अण्णा सकाळी सहाला बोटाच्या कडेला ते लावतात, टक् करतात आणि म्हणतात, "काढलं तिकीट." आता या जोकवर घरात कुणीच हसत नाही, पण एखाद्या दिवशी ते बोलले नाहीत तर आई स्वयंपाकघरातून विचारते, आज काढलं नाही का?

आकडा ते एका लांबट वहीत लिहितात. रकाने स्वतः पट्टीनं आखलेत, वेबिलासारखे. तारीख, उपाशी, जेवल्यावर, आणि शेवटी शेरा. हा शेऱ्याचा रकाना म्हणजे खरं वाचनीय साहित्य आहे. "पुतणीचं लग्न, दोन जिलेब्या." "आमरस, अर्धी वाटी (दीड)." "काही खाल्लं नाही तरी २१०, मशीन बिघडली असावी." मशीन काही बिघडलेली नव्हती, पण ते नंतर.

या वहीत मार्च २०२० पासून पुढं पानं कोरी आहेत. जवळजवळ तेरा महिने. तेव्हा आम्हा कुणाच्याच ते लक्षात आलं नाही, कारण लक्ष द्यायला दुसरं इतकं काही होतं. अण्णांचं सिद्धेश्वर तलावाकडचं सकाळचं फिरणं बंद झालं, लॅबमध्ये जाऊन रक्त द्यायचं म्हणजे तिथून काहीतरी घेऊन यायची भीती, स्ट्रिपचा डबा संपला तो आणायचा राहिला, आणि घरात बसून माणूस काय करणार तर खाणार. शेंगाचटणी-भाकरी खाल्ली असती तर एकवेळ चाललं असतं, पण त्या वर्षी यूट्यूब बघून घरोघर केक झाले, आमच्याकडंही झाले, कुकरमधले. अण्णा म्हणायचे, कोपरा द्या फक्त. चार कोपरे असतात केकला.

एप्रिल २०२१. दुसरी लाट, बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, आणि अण्णांना ताप. वय एकाहत्तर. घरातली सगळी माणसं एका ऑक्सिमीटरभोवती. दर तासाला बोट अडकवायचं, शहाण्णव, पंच्याण्णव, परत पंच्याण्णव, सहा मिनिटं चालवून बघायचं, त्र्याण्णव आला की सगळ्यांच्या पोटात गोळा. शुगरची मशीन दोन फुटांवर कपाटाच्या खणात पडलेली होती. ती काढावी हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. वर अण्णांच्या तोंडाची चव गेली, जेवण जाईना, तर तेच म्हणाले, "जेवलोच नाही, मग गोळी कशाला? उगीच शुगर लो व्हायची."

मला हे शंभर टक्के पटलं. मी सुताच्या एका व्यापाऱ्याकडं अकाउंट्स बघतो. आवकच नाही तर शिल्लक वाढेल कशी? साधा हिशेब. पाच दिवस गोळ्या बंद.

आणि जेवत नाहीत म्हणून मग लोकांनी काय केलं, तर गेटवर पिशव्या आणून ठेवल्या. शहाळी, मोसंब्या, आणि ग्लुकोजचा डबा. एक नाही, तीन डबे, तीन वेगवेगळ्या घरांतून. अशक्तपणा आलाय, ग्लुकोज द्या. प्रेमानंच दिलं सगळ्यांनी, मी तक्रार करत नाहीये, पण आज विचार केला की घाम फुटतो, कारण आम्ही ते चमच्यानं मोजून दर दोन तासांनी पाजलं.

सहाव्या दिवशी ऑक्सिजन एकोणनव्वद. बेड मिळायला दुपार गेली, त्याबद्दल काही लिहीत नाही, त्या महिन्यात ज्यांनी बेड शोधलाय त्यांना सांगायची गरज नाही. ॲडमिट करताना शुगर निघाली ४१२. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, ते एचबीए१सी, टक्क्यांत असतं, ते ९.८.

तर हिशेब कुठं चुकला. मला हे समजून घ्यायला बरेच दिवस लागले आणि शेवटी माझ्याच भाषेत समजलं. आवक बंद असली तरी गोडाऊन आहे ना. लिव्हर म्हणजे साखरेचं गोडाऊन. ताप आला, फुफ्फुसात व्हायरस घुसला की शरीराला वाटतं युद्ध सुरू झालंय, मग कॉर्टिसॉल, ॲड्रेनालिन वगैरे हॉर्मोन सुटतात आणि गोडाऊनचं शटर वर करतात, घ्या बाबांनो रसद घ्या. नुसता साठवलेला माल काढून थांबत नाही, लिव्हर नवीन साखर तयार पण करायला लागतं. आणि त्याच वेळी इन्सुलिनचं कुणी ऐकेनासं होतं. धडधाकट माणसाचं शरीर जास्त इन्सुलिन सोडून हे निभावून नेतं. ज्याचं आधीच ओढाताणीवर चाललंय त्याची साखर एक घास न खाता चढत जाते. म्हणजे वहीतला तो शेरा, "काही खाल्लं नाही तरी २१०", मी नंतर तारीख लावून बघितली, त्या आठवड्यात अण्णांना साधी सर्दी झाली होती.

चढलेली साखर नुसती बसून राहत नाही. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिच्यात आळसावतात, जागेवर वेळेत पोचत नाहीत, पोचल्या तरी जंतू गिळायचं काम नीट होत नाही. आणि एक गोष्ट मला वाचून कसंतरीच झालं, की रक्तातली साखर एका पातळीच्या वर गेली की ती नाकातल्या, श्वासनळीतल्या ओलाव्यातसुद्धा उतरते. तिथं एरवी साखर नावापुरतीच असते. व्हायरसनं आतलं अस्तर सोललेलं, वर हा पाक, म्हणजे मागून येणाऱ्या बॅक्टेरियाला तर पंगतच. फ्लूनंतर न्यूमोनिया होतो तो असा मागच्या दारानं आलेला असतो बऱ्याचदा.

हे फक्त कोरोनाचंच आहे असंही नाही. २००९ ला स्वाइन फ्लू आला होता आठवतंय का, देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला ऑगस्टमध्ये, आणि आपल्याकडं निलगिरी-कापूर रुमालात बांधून फिरत होते लोक. त्या साथीत कॅनडातल्या क्युबेकमध्ये बघितलं तर डायबेटिस असलेल्यांना ॲडमिट व्हायची वेळ इतरांपेक्षा तिप्पट यायची.

हॉस्पिटलमध्ये आत सोडत नव्हते. रात्री नऊला फोन यायचा, मी विचारायचो ऑक्सिजन किती, ते सांगायचे, मी आईला सांगायचो, फोन बंद. तिसऱ्या का चौथ्या रात्री फोनवरच्या सिस्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही रोज ऑक्सिजन विचारताव, शुगर पण विचारा की." मला काका म्हणाल्या म्हणून जरा लागलं, पण विचारलं. ३३८. इन्सुलिन सुरू होतं, दर सहा तासांनी मोजून देत होते, पण स्टेरॉइड पण सुरू होतं आणि स्टेरॉइड साखर वाढवतंच. एका हातानं चढवायची, दुसऱ्या हातानं उतरवायची. तेव्हापासून मी अण्णांच्याच वहीत लिहायला लागलो. तेरा महिने कोरे आणि मग एकदम माझं अक्षर. ३३८, २९०, ३०५, २४०, २१२. शेऱ्याच्या रकान्यात ऑक्सिजन. साखर खाली यायला लागली त्याच्या पुढं दोन दिवसांनी ऑक्सिजन वर यायला लागला असं त्या पानावर दिसतं, पण एका माणसाच्या एका पानावरून काही सिद्ध होत नसतं, एवढं अकाउंटंटला कळतं.

त्या रात्री झोप यायची नाही म्हणून मी मोबाईलवर वाचत बसायचो आणि तिथं एक अभ्यास हाताला लागला. चीनमधल्या हुबेई प्रांताचा, म्हणजे वुहान जिथं आहे तो. ७,३३७ कोविड पेशंट, त्यातले ९५२ टाइप टू डायबेटिसवाले. हॉस्पिटलमध्ये असताना ज्यांची साखर आपल्या मापात ७० ते १८० च्या आत राहिली त्यांच्यातले दगावले १.१ टक्के, ज्यांची वर गेली त्यांच्यातले ११ टक्के. दहापट. मी मोबाईल पालथा ठेवला. पाच दिवस गोळ्या बंद करायला मान मीच डोलवली होती. तीन डब्यांतलं ग्लुकोज चमच्यानं मीच मोजलं होतं. दहापट हा शब्द रात्री अडीचला एकट्यानं वाचायचा शब्द नाही.

नंतर, म्हणजे अण्णा घरी आल्यावर, डोकं ताळ्यावर आलं तेव्हा मला त्या आकड्यात एक खोट दिसली. खोट म्हणजे चूक नव्हे, बाजू. जो जास्त आजारी त्याची साखर आजारानंच जास्त चढणार. मग जास्त साखरेमुळं माणूस गेला, की जाण्याइतका आजारी होता म्हणून साखर जास्त होती? हॉस्पिटलमधल्या साखरेवरून हे कळणारच नाही, बाण दोन्हीकडं जातोय. त्यासाठी आजार व्हायच्या आधीची साखर बघायला पाहिजे, आणि ती इंग्लंडमध्ये बघितलेली आहे, कारण त्यांच्याकडं सगळ्यांची नोंद एका ठिकाणी असते. टाइप टूचे अठ्ठावीस लाखांवर लोक. साथीच्या आधी तीन महिन्यांची शुगर ज्यांची दहा किंवा वर होती त्यांचा कोविडनं मरायचा धोका, साडेसहा-सातवाल्यांपेक्षा, साधारण साठ टक्क्यांनी जास्त निघाला. मधले मधल्या जागी. आणि गंमत म्हणजे ज्यांची साडेसहाच्याही खाली त्यांचाही धोका किंचित जास्तच.

साठ टक्के जास्त म्हणजे दीडपटीच्या थोडं वर. दहापट आणि दीडपट. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत मी बरेच महिने राहिलोय. दीडपट काही कमी नाही, तेरा महिन्यांची कोरी पानं त्यात आहेत, केकचे कोपरे आहेत. पण दहातलं बाकीचं सगळं आमच्या खात्यावर नाही, त्यातला बराच भाग आजार स्वतःच स्वतःची साखर लिहीत होता, असं मी समजतो. डॉक्टर लोक वेगळं मांडतील कदाचित.

हे मी का उगाळतोय, तर लोकांच्या तोंडामुळं. अण्णा बरे होऊन आले आणि भेटायला येणारा जो तो, चप्पल काढायच्या आधी, "पथ्य पाळलं नाही ना!" बीपीवाल्याला असं कुणी म्हणत नाही. दमेकऱ्याला म्हणत नाहीत. शुगरवाल्याची साखर म्हणजे जणू त्याच्या चारित्र्याचा दाखला. आणि हे बोलणार कुठं बसून, तर सोलापूर जिल्ह्यात, जिथं राज्यातले सगळ्यात जास्त साखर कारखाने आहेत, जिथं विमान उतरायच्या आड येते म्हणून २०२३ ला जी चिमणी पाडली ती पण साखर कारखान्याचीच. देशात दहा कोटींवर लोकांना डायबेटिस आहे असं आयसीएमआरच्या पाहणीत निघालंय, त्या सगळ्यांनी काय चोरून जिलेबी खाल्ली?

मामांचं सांगायचं राहिलं. भवानी पेठेत राहायचे, टॉवेलचे आठ माग होते. त्यांना शुगर आहे हे कुणाला माहीतच नव्हतं, त्यांना पण नाही. ताप आल्यावर तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फिरत आलेली एक चिठ्ठी होती, कुणाची कुणास ठाऊक, त्यातल्या गोळ्या आणून सुरू केल्या, त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडचा फायदा होतो हे खरंच आहे, इंग्लंडमधल्या रिकव्हरी ट्रायलनं जून २०२० मध्ये दाखवलं, व्हेंटिलेटरवरच्या लोकांत मृत्यू एक तृतीयांशानं कमी, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांत पाचव्या हिश्श्यानं. पण त्याच ट्रायलमध्ये ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. चिठ्ठी फॉरवर्ड करणाऱ्यांनी हा अर्धा भाग फॉरवर्ड केला नाही. मामांचा ऑक्सिजन त्या दिवशी सत्त्याण्णव होता. नेलं तेव्हा शुगर पाचशेच्या आसपास. ते त्यामुळंच गेले असं मी म्हणणार नाही, मला माहीत नाही. माग अजून चालतात, मामेभाऊ चालवतो. २०२१ च्या त्या मे महिन्यात काळी बुरशी, काळी बुरशी सगळीकडं सुरू झालं, आणि त्यातही शुगर आणि स्टेरॉइड हीच जोडी पुढं होती. मामीनं पेपर वाचायचं बंद केलं.

आणि कुणाला वाटेल की मग साखर एकदम खाली आणून ठेवली की झालं, तर तेही करून बघितलेलं आहे. २००९ ला आयसीयूमधल्या सहा हजारांवर पेशंटांवर, निम्म्यांची साखर अगदी ८१ ते १०८ मध्ये दाबून ठेवली, निम्म्यांची फक्त १८० च्या आत. दाबून ठेवलेल्यांत जास्त लोक गेले, २७.५ टक्के विरुद्ध २४.९. साखर फार खाली जाणं हाही मारच आहे. म्हणजे अण्णांची "लो व्हायची" ही भीती अगदीच खुळी नव्हती, काही गोळ्या असतात तशा, ग्लिमेपिराइड वगैरे, न जेवता घेतल्या तर साखर पाडतात. त्यांचं चुकलं ते एवढंच की मोजलं नाही आणि फोन केला नाही. माझं पण तेच.

आता या जानेवारीचं. मला स्वतःला २०२२ ला शुगर निघाली, घराण्याची इस्टेट. अण्णा दरवर्षी फ्लूचं इंजेक्शन घेतात, मला पण घे म्हणतात, मी आळसानं टाळलं. संक्रांतीला गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला गेलो, अक्षता सोहळ्याला ती गर्दी, मग पोरांबरोबर होम मैदानावर पाळणे, धूळ, भजी, आणि तिसऱ्या दिवशी अंग असं दुखायला लागलं की गादी टोचायला लागली. ताप एकशे दोन. खोकला. जेवणाकडं बघवेना. आणि खरं सांगतो, एवढं सगळं वाचून, वहीत लिहून, रात्री बायको गोळी घेऊन आली तर माझ्या तोंडातून काय निघावं, "जेवलोच नाही गं, मग गोळी कशाला."

पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "काय बे? परत एकदा बोल."

डॉक्टरांना फोन लावला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, शुगर किती. मग म्हणाले पाणी भरपूर, उलट्या नाहीत ना, मग मेटफॉर्मिन चालू ठेवा, पण ती दुसरी गोळी, नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असलेली, ती ताप आहे आणि पोटात अन्न नाही तोवर बंद. ती गोळी लघवीतून साखर काढते, आणि अशा वेळी मशीनवर आकडा बरा दिसत असतानाच आत आम्ल साठू शकतं. इन्सुलिनवर असतात त्यांनी मात्र ते आपल्या मनानं कधीच बंद करायचं नाही, हे पण त्यांनी सांगून ठेवलं, घरात अण्णा आहेत म्हणून. आणि दर चार तासांनी मोजा.

रात्री दोनला उठलो. बायकोला उठवायचं जिवावर आलं, घसा कोरडा, उशाशी मोसंबी होती, दोन फोडी खाल्ल्या, मग आठवलं मोजायचंय. टक्. ३४६. हातपाय गार पडले. ४१२ डोळ्यांपुढं नाचायला लागलं, आता गाडी काढायची, की सकाळपर्यंत थांबायचं, पोरांना काय सांगायचं. लाइट बघून अण्णा आलेच, लुंगी सावरत, चष्मा कपाळावर. मशीन हातात घेतली. मग मशीन ठेवून माझा हात घेतला, बोट नाकाशी नेलं आणि वास घेतला.

"मोसंबी सोललीस?"

"दोन फोडी खाल्ल्या फक्त."

"सोललीस ना पण. हात धू बे आधी. साबणानं. आणि पूस कोरडा."

धुतला. पुसला. दुसरं बोट त्यांनी स्वतःच धरलं, पहिला थेंब कापसानं टिपून टाकला, दुसरा स्ट्रिपला लावला. पाच सेकंद. १८४.

ते काही बोलले नाहीत. टेबलावरची वही ओढली, आता तिच्यात दोघांचे रकाने आहेत, माझा हिरव्या पेनचा. ३४६ लिहिलं, त्यावर आडवी रेघ मारली, खाली १८४ लिहिलं, आणि शेऱ्यात, विना तिकीट पकडलेल्या पॅसेंजरची नोंद करावी तशा गंभीर चेहऱ्यानं, लिहिलं: "मोसंबीचा हात. तिकीट रद्द, दुसरं दिलं."